डॅशबोर्डवरची चिकटवलेली पट्टी पुन्हा पुन्हा सुटते? आधी हे तपासा, मग टेप आणा

वुडन फिनिश, कार्बन फायबर, पियानो ब्लॅक, क्रोम. डॅशबोर्डवर टेपने चिकटवलेली यातली कुठलीही पट्टी सुटली की बहुतेक जण एकच करतात: नवी डबल टेप आणायची आणि त्याच जागी पट्टी परत दाबायची. थंडीत ती टिकते. मार्च-एप्रिल आला की कोपरा पुन्हा वर. सोसायटीतल्या आणि नात्यातल्या गाड्यांचं हे काम फिरून फिरून माझ्याकडे येतं, आणि दोष नुसत्या टेपचा असल्याचं मला क्वचितच दिसलंय. बिघाड असतो टेपच्या खाली, टेपच्या वर, नाहीतर पट्टीच्या आकारात. तो शोधायला बहुतेक वेळा एक रुपयाही लागत नाही. फक्त जुना गोंद पुसून टाकायची घाई करू नका, तोच पुरावा आहे.

लक्षणं

तुमच्या गाडीत यातलं काय होतंय ते बघा. दोन-तीन एकदम जुळली तरी चालेल.

- फक्त टोक किंवा कोपरा उचलतो. सकाळी दाबला की बसतो, दुपारी उन्हातली गाडी उघडली की पुन्हा उठलेला.
- पट्टी टेपसकट निघून आली. डॅशबोर्डवर गोंदाचा मागमूस नाही.
- याच्या उलट: टेप डॅशबोर्डला घट्ट, पट्टी तेवढी सुटून हातात.
- टेपचा फोम मधोमध फाटलाय, अर्धा इकडे अर्धा तिकडे.
- कडेने चिकट रस ओघळलाय आणि पट्टी जागेवरून खाली सरकलीय.
- पट्टी घट्ट आहे, पण तिच्यावरचा छापील थर फुगलाय किंवा तडकलाय.
- खड्ड्यात कर्रकर्र आवाज येतो आणि बोट टेकवलं की थांबतो.
- त्रास फक्त पावसाळ्यात होतो.

वरचा थर फुगलेल्या पट्टीवर वेळ घालवू नका. तो थर घरी परत बसत नाही. ती काढून टाकायची, एवढंच काम उरतं.

हात लावण्याआधी एअरबॅग

हे तपासणीच्या यादीत धरत नाही, कारण यात पर्याय नाही. भारतात चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशासाठीही. त्यामुळे अलीकडच्या गाडीत ग्लोव्ह बॉक्सच्या वर एअरबॅग आहे असंच धरून चाला. तिचं झाकण अनेक गाड्यांत वरून दिसतही नाही. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकला आतून एक पातळ रेघ पाडलेली असते आणि एअरबॅग फुगताना ते तिथून फाटतं. त्या रेघेवर आडवी पट्टी चिकटवली की झाकण उघडायला अडथळा होतो, किंवा पट्टीचा तुकडाच प्रवाशाच्या तोंडावर येतो. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतो.

'एसआरएस एअरबॅग' अशी अक्षरं कुठे कुठे कोरली आहेत ते बघून घ्या. डॅशबोर्डवर, स्टिअरिंगवर, काचेच्या बाजूच्या खांबांवर, काही गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली गुडघ्यापाशीही असतात. तिथे काहीही चिकटवू नका, आणि आधीच चिकटवलेलं असेल तर ते सुटलंय हे बरंच झालं, परत लावू नका. स्टिअरिंगच्या मधोमध लावायच्या खड्यांच्या चकत्या बाजारात मिळतात. एअरबॅग उघडताना अशी चकती उडून अमेरिकेत एका चालकाच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाला लोकांना इशारा द्यावा लागला.

१. पट्टी चिकटवलेलीच आहे ना?

खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. कंपनीतून येणाऱ्या बहुतेक पट्ट्या टेपवर नसतात, मागून लॉकमध्ये बसवलेल्या असतात. कडेवरून नख फिरवा. चिकटवलेली पट्टी पृष्ठभागाच्या वर बसते, नखाला पायरी लागते. कंपनीची पट्टी खाचेत बसते आणि भोवती सारखी फट असते. सुटलेलं टोक दाबल्यावर 'टक' असा आवाज आला तर ते लॉकचं प्रकरण आहे.

हे आधी का बघायचं? लॉकवाली पट्टी गरम करून ओढली की मागचे प्लॅस्टिकचे कान तुटतात, आणि मग दहा-वीस रुपयांच्या लॉकऐवजी अख्खं पॅनेल घ्यावं लागतं. आणि गाडी वॉरंटीत असताना कंपनीची पट्टी सुटली असेल तर टेप मारू नका. तशीच सर्व्हिस सेंटरला दाखवा.

२. गोंद कुठे राहिला?

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

गोंद सगळा पट्टीच्या बाजूला आणि डॅशबोर्ड कोरा असेल, तर टेप डॅशबोर्डला कधी चिकटलीच नव्हती. कारण पॉलिश, धूळ किंवा प्लॅस्टिकची जात. कितीही महागडी टेप आणा, तीही अशीच निघेल.

गोंद डॅशबोर्डवर आणि पट्टीची पाठ कोरी असेल, तर दोष पट्टीच्या पाठीचा. साच्यातून सहज सुटावी म्हणून लावलेला मेणकट थर स्वस्त पट्ट्यांच्या पाठीवर राहून जातो. क्रोमच्या पट्ट्यांत कधी कधी पाठीवरचा रंगच पापुद्र्यासारखा टेपबरोबर निघतो.

फोम मधोमध फाटला असेल तर दोन्ही बाजूंची पकड चांगली होती, मात्र ताण फोमच्या ताकदीबाहेर गेला. एक तर टेप हलकी, नाहीतर पट्टी वळणावर जबरदस्तीने बसवलेली. आणि रस ओघळत असेल तर तो उन्हाने मऊ पडणारा रबरी गोंद आहे. यात मात्र टेपच चुकीची.

३. खालचं पॅनेल हलतंय का?

पट्टीच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने डॅशबोर्ड दाबा. पॅनेलच आत-बाहेर होत असेल तर पट्टी दोन हलणाऱ्या भागांना धरून ठेवायची कसरत करते आहे. म्युझिक सिस्टिम बदललेल्या गाड्यांत हे फार दिसतं. पॅनेल काढताना दोन लॉक तुटतात, वरून पट्टी दाबून दिली जाते आणि महिन्याभराने मालक टेपला शिव्या देतो. कर्रकर्र आवाजाचं मूळही बहुधा इथेच. आधी लॉक, मग पट्टी.

दोन पॅनेलच्या सांध्यावरून एकच सलग पट्टी नेली असेल तर ती सांध्यावर कापा. दिसायला फरक पडत नाही, टिकायला पडतो.

४. पट्टी कोरडीच ठेवून बघा

टेप न लावता पट्टी जागेवर ठेवा आणि हात काढा. टोकं टेकतात का? मध्ये पोकळी राहते का? टोक दोन-तीन मिलिमीटर जरी वर राहत असलं, तरी ते खाली धरून ठेवायचं काम रात्रंदिवस टेपला करावं लागतं. थंड असताना ती धरते. तापली की गोंद मऊ पडतो आणि पट्टी आपल्या मूळ आकाराकडे सरकते. दुपारी उठणाऱ्या कोपऱ्याचं कोडं एवढंच आहे.

उन्हात डॅशबोर्ड किती तापतो याचा लोकांना अंदाज नसतो. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, तासभर उन्हात उभ्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंश सेल्सिअसच्या घरात होती आणि डॅशबोर्ड ६९ च्या. अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी आपला हिशेब आपणच करावा.

उपाय टेपचा नाही, आकाराचा. पट्टी पातळ प्लॅस्टिकची असेल तर हेअर ड्रायरने ऊबवून हव्या त्या वळणापेक्षा किंचित जास्त वाकवा आणि तशीच धरून थंड होऊ द्या. वरून जाड पारदर्शक थर ओतलेल्या कडक पट्ट्या अशा वळत नाहीत. त्या सपाट जागेसाठीच असतात, आणि वळणावर न बसणारा तुकडा सरळ वगळावा हे माझं मत.

५. पॉलिशची चाचणी

डॅशबोर्ड चमकवायच्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. सिलिकॉन आणि टेपचा गोंद यांचं जन्मात जमत नाही. गाडी धुणारा दर रविवारी प्रेमाने पॉलिश मारत असेल तर पट्टीच्या कडेतून ते आतही झिरपतं.

पट्टीखालची जागा ओल्या फडक्याने पुसून एक थेंब पाणी टाका. थेंब पसरला तर जागा बरी. मोत्यासारखा गोल उभा राहिला तर एक तर पॉलिश आहे, नाहीतर प्लॅस्टिकच तसं आहे. साबणाच्या पाण्याने धुवून, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोन-तीनदा पुसून परत थेंब टाका. आता पसरला तर दोष पॉलिशचा होता. नाही पसरला तर आठव्या मुद्द्याकडे जा.

अल्कोहोलऐवजी हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. सर्जिकल स्पिरिट घेणार असाल तर बाटलीवरचे घटक वाचा, काहींत एरंडेल असतं. आणि फडकं दर वेळी नवी घडी करून वापरा, नाहीतर तेच सिलिकॉन इकडून तिकडे फिरतं.

६. कोणत्या तापमानात चिकटवली होती?

डिसेंबरात निफाडकडे सकाळी अंगणात उभ्या गाडीला पट्टी लावली तर ती टिकणार नाही. गोंद थंडीत कडक होतो आणि प्लॅस्टिकच्या बारीक खाचांत उतरत नाही. चांगल्या अॅक्रिलिक फोम टेपसाठी साधारण २० ते ३८ अंश हे लावायचं योग्य तापमान. एकदा बसल्यावर तिला थंडी सोसते. उलट टोकाला, चटका बसेल इतक्या तापलेल्या डॅशबोर्डवरही लावू नका.

७. टेप

फोटो फ्रेम आणि हूक लावायची पांढरी स्पंजसारखी टेप गाडीत चालत नाही. हवी ती गाडीसाठी बनवलेली अॅक्रिलिक फोम टेप, साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर जाडीची. लाल प्लॅस्टिकचं आवरण म्हणजे अस्सल माल, असा एक समज आहे. तसं काही नसतं, हल्ली सगळ्यांचंच आवरण लाल. थोडी सोलून ओढून बघा: चांगली टेप रबरासारखी ताणली जाते, हलकी चुरगळून तुटते.

फोमच का? पट्टी आणि डॅशबोर्ड वेगवेगळ्या प्लॅस्टिकचे असतात आणि उन्हात वेगवेगळे वाढतात. दोन फूट लांबीच्या पट्टीत सकाळ-दुपारचा फरक मिलिमीटरभर सहज होतो. मऊ फोम तेवढा सरकून घेतो. सुपरग्लू घेत नाही, तो तडकतो. शिवाय त्याची वाफ काळ्या प्लॅस्टिकवर पांढरट डाग पाडते आणि पट्टी पुढे कधी नीट निघत नाही. सुपरग्लू लावलेली पट्टी माझ्याकडे आली की मी ती वाचवायचं आश्वासन देत नाही.

८. प्लॅस्टिकची जात

हे शेवटी, कारण यासाठी एखादा सुटा भाग काढून मागे बघावं लागतं. इंग्रजी अक्षरांत पीपी, एबीएस असं काही कोरलेलं असतं. एबीएसला टेप आनंदाने चिकटते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला जवळपास काहीच धड चिकटत नाही, आणि डॅशबोर्डचे मोठे भाग, दारांची पॅनेल अनेकदा त्याचीच असतात. त्यावर टेपच्या आधी प्रायमर, म्हणजे गोंदाला पकड देणारा द्रव, लागतो. छोट्या पाकिटात ओला फोम अशा स्वरूपात तो मिळतो. अगदी पातळ हात, आणि फक्त पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेत, कारण बाहेर गेला तर डाग पडतो. वाळू द्या आणि मग टेप.

पट्टी काढायची कशी

आधी ठरवा, पट्टी परत वापरायची आहे का. वापरायची असेल तर ती वाकता कामा नये. टाकायची असेल तर काम निम्म्याने सोपं.

ऊब द्यायला सगळ्यात चांगलं आणि फुकट साधन म्हणजे ऊन. काचा बंद करून गाडी दुपारी तासभर उभी करा. पावसाळा असेल तर हेअर ड्रायर, वीतभर अंतरावरून, सतत हलता, एका वेळी हातभर नव्हे, वीतभरच भाग. बोट दोन-तीन सेकंद कसंबसं टेकवता येईल इतकं तापलं की पुरे. हीट गन नको. एबीएस १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि हीट गनच्या तोंडाची हवा त्याच्या कितीतरी पुढे असते.

मग टोकाला प्लॅस्टिकचं ट्रिम टूल किंवा जुनं एटीएम कार्ड सरकवा. स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, त्याचा खड्डा कायमचा. थोडी फट झाली की मासेमारीची नायलॉनची दोरी किंवा दात साफ करायचा दोरा दोन्ही हातांत ताणून मागे घाला आणि करवत चालवल्यासारखा फोम कापत जा. पट्टी ओढायचीच नाही. ओढल्यावर जे वाकतं तेच पुढे टोक उचलतं. व्हिनाइलचा पातळ स्टिकर असेल तर दोरा नको: तो स्वतःवरच मागे दुमडून, सावकाश, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. फाटायला लागला म्हणजे थंड झालाय.

उरलेला फोम अंगठ्याने घासून वळ्या करत काढा. कंटाळवाणं काम आहे, पण प्लॅस्टिकला निर्धोक. नंतर आयसोप्रोपाइल अल्कोहोल, फडक्यावर घेऊन. थेट फवारल्यास बटणांत आणि स्क्रीनच्या कडेत जातं. हट्टी गोंदावर खोबरेल तेल लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, तो फुगतो. तेल वापरलं तर नंतर साबण आणि अल्कोहोल दोन्ही लागेल, नाहीतर पाचव्या मुद्द्यातला त्रास तुम्हीच नव्याने तयार केलात. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांची नावं काढू नका. अॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. आणि अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा दारं उघडी ठेवा आणि जागा सुकल्याशिवाय ड्रायर लावू नका.

पट्टीखालचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा दिसेल. भोवतालचं प्लॅस्टिक उन्हाने विटलेलं असतं. याला उपाय नाही, त्याच मापाची पट्टी परत लावणं एवढाच.

परत बसवताना

अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून दोन्ही पृष्ठभाग पुसा, वाळू द्या, मग बोट लावू नका. जागेच्या खुणा मास्किंग टेपने करून घ्या, कारण फोम टेप एकदा टेकली की सरकवता येत नाही. टेप आधी पट्टीच्या पाठीला, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, चहूबाजूंनी. टोकांना आडवा तुकडा जास्तीचा. टेप लावताना ताणू नका. ताणलेली टेप नंतर आखडते आणि कोपरा उचलते.

एका टोकापासून बसवत जा आणि मग दर बोटभर जागेवर अंगठ्याने जोर देऊन दाबा, दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो इतका. हा गोंद दाबाने चालतो, नुसता ठेवल्याने नाही. घरातल्या तापमानात वीसेक मिनिटांत निम्मी, २४ तासांत नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि पूर्ण पकड ७२ तासांत येते. तोवर गाडी सावलीत, आणि कोपरा चिकटलाय का ते नखाने उचलून बघायचं नाही.

इथे थांबा

- पट्टी एअरबॅगच्या झाकणावर किंवा लगत आहे, झाकणावर चीर दिसते, किंवा काम करताना एअरबॅगचा दिवा पेटून राहिला: अधिकृत सर्व्हिस सेंटर. पॅनेलमागे पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे असू शकतात. ते सोडवू नका, टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर तर मुळीच लावू नका.
- पट्टीमागे ओल आहे किंवा त्रास पावसातच होतो: समोरच्या काचेच्या सीलमधून पाणी येत असेल, नाहीतर एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबली असेल. पायाखालचं मॅट उचलून खाली हात लावून बघा. ओलं असेल तर काचवाला किंवा एसीवाला आधी. त्या पाण्याने वायरिंगही जातं.
- डॅशबोर्डचा रबरी स्पर्शाचा रंगच चिकट झालाय किंवा पट्टीबरोबर निघाला: हा रंग दमट हवेत वर्षानुवर्षं राहून खराब होतो, मुंबई-कोकणातल्या जुन्या गाड्यांत हे नेहमीचं. अल्कोहोलने तो आणखी निघतो. पुसणं थांबवा, प्लॅस्टिक रंगवणाऱ्याकडे द्या.
- डॅशबोर्डचं रेक्झिनच फोमपासून सुटून फुगलंय: टेप त्याला धरू शकत नाही. गाडीचं कुशनकाम करणारा लागेल, आणि तो अख्खा डॅशबोर्ड काढायचं म्हणत असेल तर एअरबॅगची जोडणी कोण सोडवणार आणि परत कोण तपासणार, हे कामाचा दर ठरवण्याआधी विचारा.